पाणी स्वच्छ येईपर्यंत

रिलीजच्या रात्री माझ्यासमोर एक एक्सेल शीट उघडी असायची. तिच्यात १४३ ओळी होत्या. पहिली ओळ 'सगळे कॉलवर आले का पाहणे' आणि शेवटची 'क्लायंटला मेल करणे'. मधल्या ओळींमध्ये एका मोठ्या वितरण कंपनीचं अख्खं सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर न्यायचं असायचं. झालेली ओळ हिरवी करायची, चालू असलेली पिवळी. शनिवारी रात्री दहाला बसलं की रविवारी पहाटे पाच-सहापर्यंत शीट हिरवी व्हायची. पुण्यात हिंजवडीच्या ऑफिसात मी सहा वर्षं हे केलं. त्यानंतर ते काम जळगावात मेहरूणच्या आमच्या घरात, माडीवरच्या खोलीत आलं आणि तिथे ती शीट कायमची मोडीत निघाली. ती कशी निघाली, ते लिहायचं आहे.

आधी त्या सॉफ्टवेअरबद्दल. गोदामातला कारकून पडद्यावर बिल काढतो, त्याला ती एकच वस्तू वाटते. मागे मात्र थर असतात. सगळ्यात पुढे लोड बॅलन्सर, म्हणजे आलेल्या माणसाला कुठल्या रांगेत पाठवायचं ते ठरवणारा. त्यामागे वेब सर्व्हर. त्यामागे सहा ॲप्लिकेशन सर्व्हर, खरा हिशेब तिथे होतो. बाजूला मेसेजची रांग, तिच्यात ऑर्डरी एकामागोमाग उभ्या असतात. सगळ्यात खाली डेटाबेस आणि त्याची जुळी प्रत. शिवाय रिपोर्टचा सर्व्हर वेगळा, बँकेशी बोलणारा भाग वेगळा. नवी आवृत्ती टाकायची म्हणजे हे सगळं ठरलेल्या क्रमाने थांबवायचं, बदलायचं आणि उलट्या क्रमाने सुरू करायचं. डेटाबेस तयार नसताना ॲप्लिकेशन उठलं तर ते धडपडून पडतं. ॲप्लिकेशन उठायच्या आत बॅलन्सर उघडला तर गिऱ्हाइकाला कोरा पडदा दिसतो.

क्रम शीटमध्ये होता. पण शीटमध्ये 'गरज वाटल्यास कॅश साफ करणे' अशीही ओळ होती, ८७ वी. गरज कोणाला वाटायची? आमच्या टीममध्ये सर्वांत अनुभवी असे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना काका म्हणत. गरज काकांना वाटायची. ५२ व्या ओळीत नुसतं '५ मिनिटं थांबणे' असं होतं. कशासाठी थांबायचं, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. काका रजेवर असले की आम्ही पाचाऐवजी दहा मिनिटं थांबायचो आणि देवाचं नाव घ्यायचो.

३० जून २०१७ ची रात्र मी विसरू शकत नाही. दिल्लीत संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये मध्यरात्री जीएसटीचा सोहळा चालू होता. त्याच मध्यरात्री देशभरातल्या कंपन्यांच्या बिलांची रचना बदलायची होती. व्हॅट आणि एक्साइज जाऊन त्या जागी सीजीएसटी, एसजीएसटी आणि परराज्यात माल गेला तर आयजीएसटी येणार होता. प्रत्येक वस्तूला एचएसएन कोड आणि प्रत्येक नोंदणीकृत गिऱ्हाइकाला पंधरा अक्षरी नवा क्रमांक, त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. आम्ही नऊ जण कॉलवर होतो. पहाटे चारला शीट हिरवी झाली, कुणीतरी चहा आणला, आम्ही घरी गेलो.

सकाळी साडेआठला भिवंडीच्या गोदामातून फोन आला. गाड्या भरून उभ्या होत्या. तिथला कारकून म्हणाला, "मॅडम, एका गाडीचं बिल जुन्या पद्धतीचं आलंय. त्यावर व्हॅट आहे." मी इकडून तेच बिल पुन्हा काढलं, बरोबर आलं. आणखी एकदा काढलं, बरोबर. त्याला सांगितलं, ब्राउझर बंद करून उघडा. त्याने उघडलं, बरोबर आलं, आणि पुढच्या चार गाड्यांनंतर पुन्हा एक बिल चुकलं. कारण कळायला आम्हाला चार तास लागले. सहापैकी पाच सर्व्हरवर नवी कॉन्फिग फाईल गेली होती. सहाव्यावर जुनीच होती. बॅलन्सर आळीपाळीने काम वाटत होता, म्हणून साधारण सहातलं एक बिल चुकत होतं. शीटमध्ये सहाव्या सर्व्हरची ओळ हिरवी होती. ती मीच हिरवी केली होती. पहाटे साडेतीनला पाचव्या सर्व्हरची विंडो समोर ठेवून मी सहाव्याची ओळ रंगवली असणार. ही चूक का झाली, याचं कारण म्हणून मी झोपेकडे बोट दाखवलं नाही. झोपेत असलेल्या माणसाने न चुकता सहा वेळा तेच करावं, अशी ज्या कामाची रचना आहे, त्या रचनेतच खोट आहे असं मला तेव्हापासून वाटू लागलं.

पुढे नाइट कॅपिटलची हकीकत वाचली तेव्हा अंगावर काटा आला. अमेरिकेत शेअरची खरेदी-विक्री करणारी ही मोठी संस्था. १ ऑगस्ट २०१२ च्या आधी तिने आठ सर्व्हरवर नवा कोड टाकला. तंत्रज्ञाच्या हातून एक सर्व्हर राहून गेला आणि तपासायला दुसरा माणूस नव्हता. बाजार उघडला आणि त्या आठव्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड जागा झाला. पाऊण तासात त्याने नको असलेले लाखो सौदे केले. नुकसान ४४ कोटी डॉलरहून जास्त. वर्षभरात ती संस्था दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. आठातला एक. आमचा सहातला एक होता, आणि भिवंडीचा कारकून जागा होता, म्हणून आमचं थोडक्यात भागलं. त्या दिवसानंतर शीटमध्ये एक ओळ मी घातली, १३१ वी: 'भिवंडीला फोन करून छापील बिल वाचून घेणे.'

तरीही शीट तशीच राहिली. दर महिन्याला नवं काम आणि नवी घाई, आणि चालू असलेल्या गोष्टीला हात कोण लावणार?

मार्च २०२० मध्ये मी महाराष्ट्र एक्स्प्रेसने जळगावला आले. चार दिवसांसाठी म्हणून आले आणि २४ तारखेला रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली. माडीवरच्या खोलीत लॅपटॉप मांडला. खिडकीतून तलावाच्या बाजूची झाडं दिसतात. एरवी पहाटे फिरणाऱ्यांनी आणि अनंत चतुर्दशीला गणपतींनी गजबजणारा मेहरूणचा तलाव त्या उन्हाळ्यात अगदी सामसूम होता. मे महिन्यात पत्रे तापायचे, दुपारी लॅपटॉपला हात लावला तर चटका बसायचा. लाइट जायची. लॅपटॉप बॅटरीवर चालायचा, पण राउटर बंद पडला की मी आंधळी. मग मोबाईलचं हॉटस्पॉट. त्याची रेंज फक्त खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात यायची, म्हणून तिथे पाट ठेवून बसायचे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रिलीज होतं. रात्री अडीचच्या सुमारास वादळ उठलं. धूळ आली, मग टपोरे थेंब, आणि फट्कन अंधार. त्या क्षणी मी चौथ्या सर्व्हरवर फाईल चढवत होते. राउटर गेला, सर्व्हरशी जोडलेली माझी विंडो मेली आणि विंडोबरोबर तिच्यात चालू असलेलं कामही मेलं. फाईल अर्धी चढली होती. मोबाईललाही रेंज नव्हती. पुण्यातल्या लोकांना फक्त एवढं कळलं की मी गेले. मी कुठल्या ओळीवर होते हे त्यांना कळायला मार्ग नव्हता, कारण हिरवे-पिवळे रंग माझ्या लॅपटॉपवरच्या प्रतीत होते. पाऊण तासाने मी परतले तेव्हा दुसऱ्या एकाने सर्व्हर चार नव्याने चढवायला घेतला होता आणि तिसऱ्यावर त्याच्या हातून चुकून दोनदा तेच झालं होतं. शेवटी सगळं जुन्या आवृत्तीवर परत नेलं. सकाळी सातला मी खाली आले.

आप्पा ओट्यावर बसले होते. माझे वडील तीस वर्षं ठिबकचे फिटर होते. १९८० च्या दशकाच्या शेवटी भवरलाल जैन यांच्या उद्योगामुळे जळगावात ठिबक सिंचन रुजलं, आणि पुढे गावोगाव विक्रेते आणि फिटर तयार झाले. आप्पा त्यांतलेच, एका विक्रेत्याकडे कामाला. रावेर, यावल, चोपडा, सगळा केळीचा पट्टा त्यांनी सायकलवर आणि मग लुनावर पालथा घातला. लहानपणी सुटीत मी त्यांच्याबरोबर जायची. विहिरीवरचा पंप, मग वाळूचा फिल्टर, मग जाळीचा फिल्टर, मग मेन लाइन, सबमेन आणि शेवटी १६ मिलिमीटरच्या नळ्या. नळीला ड्रीपर, त्याचं भोक टाचणीएवढं. नव्या लाइनमध्ये पाइप कापताना पडलेला प्लॅस्टिकचा कीस असतो, माती असते. हे धुऊन न काढता पाणी सोडलं तर पहिल्याच दिवशी ड्रीपर तुंबतात. म्हणून आधी मेनचं शेवटचं तोंड उघडून ती धुवायची, मग सबमेन, मग नळ्यांची टोकं. पंप सुरू करताना एक तरी व्हॉल्व उघडा पाहिजे, नाहीतर सांधे फुटतात.

आप्पांनी विचारलं, "रातभर काय करून राह्यली होती?" मी झालं ते सांगितलं. शीट दाखवली. त्यांनी चष्मा लावून मोबाईलवर बऱ्याच ओळी वाचल्या. ५२ व्या ओळीवर थांबले. "हे पाच मिनिटं कशाची?" मी म्हटलं, माहीत नाही, काका सांगतात म्हणून. ते म्हणाले, "मिनिटं काय मोजायची? टोक उघडं ठेवायचं अन् पाणी साफ येईपर्यंत पाहायचं. कुठं दोन मिनिटांत येतं, कुठं अर्धा तास लागतो." मग म्हणाले, शेतकऱ्याला क्रम कागदावर लिहून दिला तर तो कागद महिन्याभरात हरवतो. म्हणून मी ऑइल पेंटनं आकडे व्हॉल्ववरच टाकायचो.

शीटमधलं काम यंत्राकडे द्यायचं मी ठरवलं आणि त्याच संध्याकाळी काकांना फोन केला. पुढचे सहा-सात आठवडे रोज संध्याकाळी केला. एकेक ओळ घ्यायची आणि विचारायचं, हे का? ५२ व्या ओळीचं उत्तर दुसऱ्या आठवड्यात मिळालं. काही वर्षांपूर्वी रांगेत ऑर्डरी उभ्या असताना त्यांनी ॲप्लिकेशन बंद केलं होतं. सुरू झाल्यावर अर्धवट झालेल्या ऑर्डरी पुन्हा उचलल्या गेल्या आणि दोन-दोनदा माल निघाला. त्या रात्रीपासून ते रांग रिकामी व्हायला पाच मिनिटं देत. म्हणजे थांबायचं कारण मिनिटं नव्हती, रांगेतला आकडा शून्य होणं होतं. मी लिहिलेल्या स्क्रिप्टच्या पहिल्या खऱ्या तुकड्याने हेच केलं: दर दहा सेकंदांनी रांगेत किती उभे आहेत ते विचार, शून्य आलं की पुढे जा, अर्ध्या तासात आलं नाही तर थांब आणि माणसाला सांग. कधी चाळीस सेकंदांत शून्य यायचं. एकदा एकवीस मिनिटं लागली. पाच मिनिटांच्या हिशेबाने त्या रात्री ऑर्डरी पुन्हा दुप्पट झाल्या असत्या.

ही कामं सर्व्हरवर आपोआप करून घेण्याचं साधन म्हणून मी ॲन्सिबल घेतलं. मायकेल डीहान यांनी ते २०१२ मध्ये आणलं. अर्सुला ले ग्विन यांच्या १९६६ च्या कादंबरीत कितीही अंतरावर क्षणात निरोप पोचवणारं एक यंत्र आहे, हे नाव मूळ तिथलं. मला ते सोयीचं पडलं ते एका साध्या कारणाने: ज्या सर्व्हरवर काम करायचं तिथे वेगळं काही बसवावं लागत नाही, सर्व्हरवर दुरून शिरायच्या नेहमीच्या एसएसएचच्या वाटेनेच ते आत जातं. क्लायंटने त्यांच्या मशीनवर नवं काही बसवायची परवानगी कधीच दिली नसती.

त्यावर काम करताना मला शाळेतलं मराठी व्याकरण आठवलं. शीट सगळी आज्ञार्थात होती, शेवटी 'करणे' असलं तरी अर्थ एकच: फाईल कॉपी कर, सेवा सुरू कर, ओळ जोड. आज्ञा दोनदा दिली की काम दोनदा होतं. वादळाच्या रात्री तिसऱ्या सर्व्हरवर तेच झालं. ॲन्सिबलमध्ये लिहायचं ते विध्यर्थात: फाईल इथे असावी, तिच्यात हा मजकूर असावा, सेवा चालू असावी. असेल तर ते हात लावत नाही, नसेल तर तेवढंच करतं. मग ते एकदा चालवा नाहीतर दहादा, मध्येच लाइट जाऊन पुन्हा सुरुवातीपासून चालवा, शेवट तोच. 'कर' आणि 'असावं' यांतला फरक मी सातवीत पाठ केला होता. त्याचा खरा अर्थ मला माडीवर कळला.

काही बदलायच्या आधी 'बदललं असतं तर काय बदललं असतं' हे नुसतं दाखवायचीही त्यात सोय आहे. ती मी सहाही सर्व्हरवर पहिल्यांदा चालवली तेव्हा रात्रभर पडद्यावर पिवळ्या ओळी येत राहिल्या. आम्ही ज्यांना सारखे म्हणत होतो ते सहा सर्व्हर सारखे नव्हतेच. एकाचं घड्याळ भारतीय वेळेवर नव्हतं. दोघांवर जावाची जुनी आवृत्ती होती. एकाच्या होस्ट फाईलमध्ये एका मशीनचा पत्ता होता, ते मशीन कधीच भंगारात गेलं होतं, आणि शेजारी कुणीतरी लिहून ठेवलं होतं: 'तात्पुरतं'. प्रत्येक फरकामागे कुणाची तरी एक जागरणाची रात्र होती. मी घाईने काहीच पुसलं नाही. प्रत्येकाचं कारण शोधलं, कारण उरलं नसेल तरच काढलं. यंत्राला काम देण्यातला सर्वांत मोठा वेळ यातच गेला, आणि माझ्या मते तो वाचवता येत नाही.

पासवर्ड शीटच्या एका रकान्यात उघडे पडलेले असायचे, ते कुलूपबंद फाईलमध्ये गेले. सगळी स्क्रिप्ट गिटमध्ये गेली, म्हणजे कोणी कधी काय बदललं ते दिसू लागलं. आणि ती चालवायची जागा माझ्या लॅपटॉपवरून उठून डेटा सेंटरमधल्या एका मशीनवर, स्क्रिप्ट चालवणाऱ्या जेन्किन्स या सॉफ्टवेअरकडे गेली. मी फक्त 'सुरू कर' म्हणायचं. मग मेहरूणची लाइट जावो की राहो.

डेटाबेसचा थर मात्र शेवटपर्यंत अवघड राहिला. ॲप्लिकेशन परत जुन्यावर नेता येतं, जुनी फाईल ठेवली की झालं. टेबल बदलल्यावर त्यात नवी बिलं पडली, तर मागे जायचं कुठे? त्या बिलांचं काय करायचं? म्हणून एका रिलीजमध्ये फक्त भर घालायची, नवा रकाना जोडायचा, जुन्याला धक्का लावायचा नाही, म्हणजे जुनी आणि नवी आवृत्ती दोन्ही त्याच टेबलावर काम करू शकतात. जुना रकाना काढायचा तो दोन-तीन रिलीजनंतर, त्याला कोणी विचारत नाही याची खात्री झाल्यावर. हे कुठलंही साधन करून देत नाही. त्यासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांशी बसून बोलावं लागतं, वाद घालावे लागतात. आमचे बरेच झाले.

काकांबद्दल मला काळजी होती. त्यांच्याजवळचं सगळं मी काढून यंत्रात भरत होते. एकदा विचारलंच. ते म्हणाले, गेल्या अकरा वर्षांत मुलीच्या एकाही वाढदिवसाच्या रात्री मी शांत बसलो नाही, तू लिही. स्क्रिप्टमधल्या प्रत्येक तपासणीवर त्यांनी सांगितलेलं कारण मी मराठीतच टिपून ठेवलं आहे.

पहिलं स्वयंचलित रिलीज दिवाळीनंतरच्या शनिवारी, २१ नोव्हेंबर २०२० ला ठरलं. एक गोष्ट मी हट्टाने केली होती: सहाही सर्व्हर एकदम बदलायचे नाहीत. यंत्र चूक करतं तेव्हा ती सगळीकडे एकाच वेगाने करतं. म्हणून बॅलन्सरमधून एक सर्व्हर काढायचा, बदलायचा, त्याच्याकडून एक खोटं बिल काढून आकडे पडताळायचे, मगच तो रांगेत परत आणि पुढचा बाहेर. रात्री दहाला सुरू केलं. पहिला झाला, दुसरा झाला. तिसऱ्यावर यंत्र थांबलं. लाल ओळ आली: डिस्कवर जागा नाही. जुन्या लॉगनी ती भरली होती. कॉलवर सगळे गप्प झाले. मला मात्र हायसं वाटलं. दोन सर्व्हर नव्यावर, तीन जुन्यावर, बिघडलेला बाहेर, आणि दोन्ही आवृत्त्या त्याच डेटाबेसवर चालू. पूर्वी यंत्रच नव्हतं, तेव्हा अशा वेळी माणूस पुढे रेटत असे. आम्ही लॉग साफ केले, पुन्हा पहिल्यापासून चालवलं. पहिल्या दोघांवर त्याने काहीच केलं नाही, तिसऱ्यापासून काम धरलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी सहावा रांगेत परत गेला.

त्या रात्री १४३ पैकी बहुतेक ओळी कोणाला वाचाव्या लागल्या नाहीत. एक ओळ मी तशीच ठेवली आहे, १३१ वी. स्क्रिप्ट तिथे येऊन थांबते आणि माणसाने 'हो' लिहिल्याशिवाय पुढे जात नाही. मी भिवंडीला फोन लावला. रात्रपाळीला तोच कारकून होता. प्रिंटरचा आवाज ऐकू आला, मग कागद फाडल्याचा. त्याने एकेक रकाना वाचला: गिऱ्हाइकाचा क्रमांक, एचएसएन, सीजीएसटी, एसजीएसटी, बेरीज. मी माझ्या पडद्यावर बोट ठेवत गेले. "बरोबर आहे मॅडम," तो म्हणाला, "सोडू का गाडी?"

मी 'हो' लिहिलं.